गम्बो, जॅझ आणि बुडती जमीन : अमेरिकेतले लुइझियाना इतके वेगळे का?

अमेरिकेच्या नकाशावर लुइझियाना हे राज्य बुटासारखे दिसते. प्रत्यक्षात त्या बुटाचा तळ झिजून त्याची चाळण झाली आहे. १९३२ ते २०१६ या काळात राज्याच्या किनारपट्टीवरील ४,८३३ चौरस किलोमीटर जमीन पाण्याखाली गेली. १९३२ मध्ये जेवढी किनारी जमीन होती, तिचा हा जवळपास चौथा हिस्सा. हेच राज्य जॅझ संगीताची जन्मभूमी आहे आणि अमेरिकेतील सर्वांत चविष्ट स्वयंपाकघरांपैकी एक समजले जाते. पर्यटकाला इथे नक्षीदार सज्जे, रस्त्यावरचे बँड आणि वाफाळता गम्बो दिसतो. पण हे सगळे कुणी घडवले, कशातून घडवले आणि ते टिकणार का, या प्रश्नांच्या उत्तरात अमेरिकेच्या दक्षिणेचा इतिहास दडलेला आहे.

लुइझियाना नेमके कुठे आहे?

अमेरिकेच्या दक्षिण टोकाला, मेक्सिकोच्या आखाताला लागून हे राज्य आहे. पश्चिमेला टेक्सास, उत्तरेला आर्कान्सा आणि पूर्वेला मिसिसिपी हे शेजारी. क्षेत्रफळ सुमारे १ लाख ३५ हजार चौरस किलोमीटर आणि २०२० च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे ४६ लाख ५७ हजार. राजधानी बॅटन रूज. पण जगाला ठाऊक असलेले शहर म्हणजे न्यू ऑर्लिन्स.

अमेरिकेत असूनही या राज्याचे बरेच काही निराळे आहे. बहुतेक राज्ये ‘काउंटी’मध्ये विभागलेली असतात, इथे ६४ ‘पॅरिश’ आहेत. कॅथलिक चर्चच्या जुन्या विभागांवरून आलेला हा शब्द अजून सरकारी कागदांवर आहे. इतर राज्यांचे दिवाणी कायदे इंग्रजी परंपरेतून आले, तर लुइझियानाची दिवाणी संहिता फ्रेंच आणि स्पॅनिश परंपरेतून. वारसाहक्कापासून जमिनीच्या व्यवहारापर्यंत तिचा ठसा आजही दिसतो.

इथली जमीन आली कुठून?

दक्षिण लुइझियाना हे नदीने बांधलेले राज्य आहे. मिनेसोटा राज्यातील इटास्का सरोवरातून निघालेली मिसिसिपी सुमारे ३,७०० किलोमीटर वाहत येऊन इथे समुद्राला मिळते. अमेरिकेच्या मुख्य भूमीच्या सुमारे ४० टक्के क्षेत्राचे पाणी तिच्यात येते आणि त्याबरोबर तिथली मातीही. गेल्या सुमारे सात हजार वर्षांत नदीने हा गाळ पसरत नेला, मधूनमधून पात्र बदलले आणि समुद्र मागे हटवत त्रिभुज प्रदेश तयार केला.

नदीला पूर आला की पाणी काठ ओलांडायचे आणि जड गाळ काठालगतच टाकून पुढे जायचे. त्यामुळे काठाची जमीन उंच आणि मागची सखल, अशी इथली रचना झाली. न्यू ऑर्लिन्सची सर्वांत जुनी वस्ती, म्हणजे फ्रेंच क्वार्टर, या उंच काठावर आहे. मागची दलदल विसाव्या शतकात पंप लावून उपसली गेली आणि तिथे घरे बांधली गेली. पाणी निघून गेल्यावर ती माती खचली. आज शहराचा जवळपास अर्धा भाग समुद्रसपाटीच्या खाली आहे.

माणसे इथे फार पूर्वीपासून आहेत. राज्याच्या ईशान्य भागातील पॉव्हर्टी पॉइंट येथे शेती न करणाऱ्या, शिकार आणि मासेमारीवर जगणाऱ्या समाजाने सुमारे तीन हजार वर्षांहून अधिक काळापूर्वी मातीचे अर्धवर्तुळाकार बांध आणि प्रचंड टेकाडे रचली. २०१४ मध्ये युनेस्कोने या जागेचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. चिटिमाचा, हूमा, चॉक्टॉ, कॅडो या मूळ रहिवाशांचे वंशज आजही राज्यात राहतात.

राज्याचे मालक किती वेळा बदलले?

१६८२ मध्ये फ्रेंच दर्यावर्दी ला साल याने मिसिसिपीच्या मुखाशी पोहोचून सगळ्या खोऱ्यावर फ्रान्सचा दावा सांगितला आणि राजा चौदावा लुई याच्या नावावरून प्रदेशाला लुइझियाना म्हटले. १७१४ मध्ये नॅकिटश आणि १७१८ मध्ये न्यू ऑर्लिन्स वसले. १७६२ च्या गुप्त कराराने फ्रान्सने हा प्रदेश स्पेनला दिला. १७८८ आणि १७९४ च्या आगींत न्यू ऑर्लिन्सचा मोठा भाग जळाला आणि स्पॅनिश अमलात तो पुन्हा उभा राहिला. त्यामुळे ‘फ्रेंच क्वार्टर’ म्हणून जे अंगण आणि कमानी दाखवल्या जातात, त्यांत स्पॅनिश बांधकामाचा वाटा मोठा आहे.

पुढे प्रदेश पुन्हा फ्रान्सकडे गेला आणि १८०३ मध्ये नेपोलियनने तो अमेरिकेला दीड कोटी डॉलरना विकला. कॅरिबियन समुद्रातील सां-दोमिंग, म्हणजे आजचे हैती, या वसाहतीतील गुलामांनी उठाव करून फ्रेंच सैन्याला जेरीस आणले होते. ती वसाहत हातची जात असताना लुइझियाना सांभाळण्यात नेपोलियनला अर्थ उरला नव्हता. सुमारे २१ लाख चौरस किलोमीटरच्या या व्यवहाराने अमेरिकेचा आकार जवळपास दुप्पट झाला. तिथे राहणाऱ्या मूळ रहिवाशांना अर्थातच कुणी विचारले नाही. त्या अफाट प्रदेशाच्या दक्षिणेकडील तुकड्याला १८१२ मध्ये आजच्या नावाने राज्याचा दर्जा मिळाला.

साखरेच्या वैभवाची किंमत कुणी मोजली?

गुलाम बनवलेल्या आफ्रिकन माणसांना घेऊन पहिली जहाजे लुइझियानात १७१९ मध्ये आली. जहाजांच्या कप्तानांना भातशेती येणारी माणसे आणि भाताचे बियाणे आणण्याच्या सूचना होत्या. फ्रेंच काळात आणलेल्यांपैकी बहुसंख्य लोक पश्चिम आफ्रिकेतील सेनेगल आणि गॅम्बिया नद्यांच्या परिसरातले होते, जिथे भात पिढ्यान्‌पिढ्या पिकत आला होता. म्हणजे त्यांच्या मजुरीबरोबर त्यांचे शेतीचे ज्ञानही हिसकावून घेतले गेले.

१७९५ मध्ये न्यू ऑर्लिन्सजवळ एत्येन द बोरे याने उसाच्या रसापासून दाणेदार साखर यशस्वीपणे तयार केली आणि नदीकाठी उसाचे मळे पसरले. न्यू ऑर्लिन्स हा देशातला सर्वांत मोठा गुलामांचा बाजार बनला. जानेवारी १८११ मध्ये नदीकाठच्या मळ्यांतील शेकडो गुलामांनी शहराच्या दिशेने कूच केले. अमेरिकेच्या इतिहासातील हा गुलामांचा सर्वांत मोठा उठाव. तो चिरडला गेला आणि मारलेल्यांची मुंडकी नदीच्या बांधावर खांबांवर लावली गेली. १८६० मध्ये राज्यातील जवळपास निम्मे लोक गुलाम होते.

गुलामगिरी संपली तरी भेदभाव संपला नाही. १८९२ मध्ये न्यू ऑर्लिन्सचे होमर प्लेसी ठरवून गोऱ्यांसाठी राखीव रेल्वे डब्यात बसले आणि त्यांना अटक झाली. त्यांच्या खटल्यात १८९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘वेगळे पण समान’ हे तत्त्व मान्य केले आणि पुढची अठ्ठावन्न वर्षे शाळांतील वर्णभेदाला कायद्याचा आधार मिळाला. १९६० मध्ये सहा वर्षांची रूबी ब्रिजेस शहरातील गोऱ्यांच्या शाळेत दाखल झाली, तेव्हा तिला केंद्रीय मार्शलांच्या पहाऱ्यात न्यावे लागले.

‘क्रिओल’ आणि ‘केजन’ म्हणजे कोण?

हे दोन शब्द हॉटेलांच्या मेन्यूवर शेजारी शेजारी दिसतात, पण त्यांचा इतिहास वेगळा आहे. ‘क्रिओल’ म्हणजे मुळात वसाहतीत जन्मलेला. फ्रेंच, स्पॅनिश, आफ्रिकन अशा मिश्र वारशाच्या, प्रामुख्याने न्यू ऑर्लिन्स आणि परिसरातील लोकांसाठी तो रूढ झाला. १८०९ मध्ये क्यूबामार्गे आलेल्या हैतीच्या हजारो निर्वासितांनी शहराची लोकसंख्या जवळपास दुप्पट केली आणि ही संस्कृती आणखी घट्ट झाली.

‘केजन’ हा ‘अकेडियन’ शब्दाचा अपभ्रंश. आजच्या कॅनडातील नोव्हा स्कॉशिया भागात राहणाऱ्या या फ्रेंच भाषक शेतकऱ्यांना ब्रिटिशांनी १७५५ पासून हाकलून लावले. त्यांच्यापैकी अनेक जण भटकत १७६० च्या दशकात लुइझियानात आले आणि पश्चिमेकडील दलदलीत, ‘बायू’ म्हणजे संथ ओढ्यांच्या काठी वसले.

या लोकांच्या भाषेवर घाला आला तो विसाव्या शतकात. राज्याच्या १९२१ च्या घटनेने शाळांतील शिक्षण फक्त इंग्रजीतून देण्याचे बंधन घातले. वर्गात फ्रेंच बोलणाऱ्या मुलांना शिक्षा होऊ लागली. ती मुले मोठी झाली तेव्हा त्यांनी आपल्या मुलांशी घरात इंग्रजीच बोलणे पसंत केले, आणि दोन पिढ्यांत घरची भाषा आजीआजोबांपुरती उरली. १९६८ मध्ये राज्याने फ्रेंचच्या जपणुकीसाठी स्वतंत्र संस्था स्थापन केली. आता काही शाळांत मुले सगळे विषय फ्रेंचमधून शिकतात, पण घरात बोलणारे कमी झाले ते झालेच.

गम्बोच्या वाडग्यात काय काय असते?

लुइझियानाचा इतिहास एका वाडग्यात पाहायचा असेल तर गम्बो मागवावा. हा भाताबरोबर खाण्याचा दाट रस्सा. त्याचे नाव मध्य आफ्रिकेच्या बांटू भाषांतील भेंडीच्या ‘की न्गोम्बो’ या नावावरून आले असे बहुतेक अभ्यासक मानतात. आपल्याकडे भेंडीचा चिकटपणा घालवण्यासाठी धडपड असते; गम्बोत तोच चिकटपणा हवा असतो, कारण त्याने रस्सा दाट होतो.

दाटपणा आणण्याची दुसरी रीत चॉक्टॉ लोकांची. ते ससाफ्रास नावाच्या झाडाची पाने वाळवून पूड करत. तिला ‘फिले’ म्हणतात. तिसरी रीत फ्रेंचांची, ‘रू’. मैदा आणि तेल किंवा लोणी मंद आचेवर भाजत राहायचे. फ्रेंच स्वयंपाकात रू फिकटच ठेवतात; लुइझियानात तो बदामी, मग तपकिरी आणि शेवटी चॉकलेटच्या रंगाचा होईपर्यंत भाजतात. लाडवासाठी बेसन भाजताना जसा हात थांबवता येत नाही, तसेच हे काम. जरा लक्ष हटले की करपले.

त्यात कांदा, सेलरी आणि ढोबळी मिरची पडते. या तिघांना इथे ‘पवित्र त्रयी’ म्हणतात. मग कोळंबी, खेकडे, ऑयस्टर किंवा कोंबडी आणि ‘आंदूई’ हे धुरी दिलेले सॉसेज. आफ्रिकेची भेंडी, चॉक्टॉंची पूड आणि फ्रान्सचा रू अशा तीन खंडांच्या वस्तू एका भांड्यात शिजतात. ढवळणारा हात मात्र पिढ्यान्‌पिढ्या बहुतांशी गुलाम बनवलेल्या आफ्रिकन स्त्रीचाच होता.

आणखी काय खावे?

सोमवारी ‘रेड बीन्स अँड राइस’ मिळते. सोमवार कपडे धुण्याचा दिवस. रविवारच्या जेवणातले मांसाचे हाड टाकून लाल घेवडा सकाळीच चुलीवर ठेवायचा, म्हणजे धुणे होईपर्यंत तो आपला आपण शिजतो. आपल्या राजमा-भाताचा हा लांबचा भाऊ. ‘जाम्बालाया’ हा एकाच भांड्यात शिजणारा मसालेदार भात. त्याचे नाते स्पेनच्या पायेयाशी आणि पश्चिम आफ्रिकेच्या जोलोफ भाताशी जोडले जाते. ‘कालास’ ही तांदळाची गोड भजी एके काळी कृष्णवर्णीय स्त्रिया रस्तोरस्ती विकत. त्या कमाईतून काहींनी स्वतःचे स्वातंत्र्यही विकत घेतले.

‘पो-बॉय’ म्हणजे तळलेली कोळंबी किंवा मांस भरलेला लांब पाव. १९२९ च्या ट्राम कामगारांच्या संपात संपकऱ्यांना फुकट दिलेल्या पावावरून त्याला हे नाव पडल्याचे सांगतात. ‘मफलेटा’ हा सिसिलीहून आलेल्या इटालियनांचा गोल सँडविच. वसंतात क्रॉफिश, म्हणजे गोड्या पाण्यातील चिंबोरीसारखे कवचधारी जीव, मका-बटाट्याबरोबर उकळून वर्तमानपत्रावर ओतले जातात आणि सगळे भोवती उभे राहून हातांनी खातात. १९७५ नंतर आलेल्या व्हिएतनामी निर्वासितांनी त्यात लसूण आणि लोण्याची भर घातली. टबॅस्को सॉसही इथलाच. १८६८ पासून तो एव्हरी आयलंड या मिठाच्या टेकडीवर तयार होतो.

‘प्रालीन’ या मिठाईत पेकन हा सुकामेवा असतो. पेकनच्या झाडावर यशस्वी कलम बांधणारा पहिला ज्ञात माणूस होता ओक ॲली मळ्यावरील गुलाम माळी. इतिहासाला त्याचे फक्त ‘ॲन्त्वान’ एवढेच नाव ठाऊक आहे.

शाकाहारी प्रवाशांनी एक लक्षात ठेवावे. घेवड्यात, पालेभाज्यांच्या ‘गम्बो झेर्ब’मध्ये, अगदी भातातही मांस किंवा त्याचा अर्क असू शकतो. नावावर न जाता विचारून घेतलेले बरे. साखर भुरभुरलेले ‘बेन्ये’ आणि चिकोरी घातलेली कॉफी मात्र नाश्त्याला बिनघोर घेता येते.

जॅझ इथेच का जन्मले?

अमेरिकेच्या इतर दक्षिणी राज्यांत गुलामांना ढोल वाजवण्यास बहुतेक ठिकाणी बंदी होती. न्यू ऑर्लिन्समध्ये रविवारी सुटी देण्याची फ्रेंच काळापासूनची चाल होती. १८१७ मध्ये शहराने अशा मेळाव्यांसाठी एक जागा ठरवून दिली. तीच पुढे ‘काँगो स्क्वेअर’ म्हणून ओळखली गेली. तिथे शेकडो लोक जमत, बाजार भरवत, आपापल्या प्रांतांचे ताल वाजवत आणि नाचत.

पुढे या तालांना लष्करी बँडची पितळी वाद्ये, चर्चमधील भजने, ब्लूज आणि क्रिओल वादकांचे पाश्चात्त्य संगीताचे शिक्षण येऊन मिळाले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कॉर्नेटवादक बडी बोल्डन याच्यासारख्यांच्या वादनातून नवे संगीत आकाराला आले. १९०१ मध्ये याच शहरातील गरीब वस्तीत जन्मलेल्या लुई आर्मस्ट्राँगने ते जगभर नेले. शहराच्या विमानतळाला आज त्याचे नाव आहे.

इथली अंत्ययात्राही बँडच्या साथीने निघते. दफनाला जाताना संथ, शोकाकुल सूर. परतताना उत्साही चाली आणि नाच. बँडच्या मागे नाचत जाणाऱ्या गर्दीला ‘सेकंड लाइन’ म्हणतात. या अंत्ययात्रा चालवल्या त्या कृष्णवर्णीयांच्या मदत मंडळांनी. विमा कंपन्या दारात उभे करत नव्हत्या, तेव्हा ही मंडळे वर्गणीतून औषधपाणी आणि अंत्यसंस्कार करत. 

‘मार्डी ग्रा’ हा ईस्टरपूर्वीच्या उपवासाच्या आदल्या मंगळवारचा उत्सव. ६ जानेवारीपासून त्याचे वारे वाहू लागतात. ‘क्रू’ नावाची मंडळे चित्ररथ काढतात आणि गर्दीत मण्यांच्या माळा फेकतात. त्याच दिवशी गल्ल्यांमध्ये कृष्णवर्णीय मंडळांचे ‘मार्डी ग्रा इंडियन’ पिसांचे आणि मण्यांचे पोशाख घालून निघतात; एकेक पोशाख हाताने शिवायला वर्ष लागते.

भारताशी काही नाते आहे का?

आहे, आणि ते वाटते त्यापेक्षा जुने आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगालच्या हुगळी जिल्ह्यातील मुस्लीम फेरीवाले चिकनकाम केलेले कापड घेऊन न्यू ऑर्लिन्सला येत. शहरात वर्णभेदाचे कायदे होते. त्यामुळे ते ट्रेमे या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत राहिले. काहींनी तिथेच लग्ने केली आणि संसार थाटले. संशोधक विवेक बाल्ड यांनी हा विस्मृतीत गेलेला इतिहास जुन्या नोंदींतून उजेडात आणला. पुढे २००८ ते २०१६ या काळात पंजाबी स्थलांतरितांचे पुत्र बॉबी जिंदाल राज्याचे गव्हर्नर होते. अमेरिकेतील ते भारतीय वंशाचे पहिले गव्हर्नर.

काय पाहावे, कधी जावे?

न्यू ऑर्लिन्समध्ये फ्रेंच क्वार्टरमधील जॅक्सन स्क्वेअर, सेंट लुई कॅथीड्रल आणि शेजारचे काबिल्दो संग्रहालय पाहावे. १८०३ च्या हस्तांतराचा सोहळा काबिल्दोतच झाला. बोर्बन स्ट्रीटवर गोंगाट जास्त. संगीत ऐकायचे तर फ्रेंचमेन स्ट्रीट किंवा १९६१ पासून चालू असलेला प्रिझर्व्हेशन हॉल गाठावा. सेंट चार्ल्स मार्गावरील ट्राम १८३५ पासून धावते. दुसऱ्या महायुद्धाचे राष्ट्रीय संग्रहालयही याच शहरात आहे, कारण नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर सैनिक उतरवणाऱ्या हिगिन्स होड्या इथे बनल्या.

शहराबाहेर नदीकाठच्या मळ्यांवरील वाड्यांच्या सहली निघतात. त्यांत व्हिटनी मळा चुकवू नये. २०१४ मध्ये खुले झालेले हे संग्रहालय मालकांच्या थाटाऐवजी गुलामांची कहाणी सांगते. याच रस्त्यावर जुन्या मळ्यांच्या जागी आता रसायने आणि तेलशुद्धीकरणाचे कारखाने आहेत. बॅटन रूज ते न्यू ऑर्लिन्स या पट्ट्याला तिथले रहिवासी ‘कॅन्सर ॲली’ म्हणतात. गुलामांच्या वंशजांच्या कित्येक वस्त्या या धुरांड्यांना खेटून आहेत.

पश्चिमेला अचाफलाया ही देशातील सर्वांत मोठी नदीकाठची दलदल आहे. पाण्यात उभे सायप्रस वृक्ष, मगरींचे भाऊबंद असलेले ॲलिगेटर आणि बगळ्यांचे थवे होडीतून पाहता येतात. लाफाएट हे केजन मुलखाचे केंद्र. शनिवारी सकाळी आसपासच्या गावांत ॲकॉर्डियनवर केजन आणि झायडिको संगीत रंगते.

ऑक्टोबरअखेर ते एप्रिल हा काळ सोयीचा. १ जून ते ३० नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा अधिकृत हंगाम. मार्डी ग्रा आणि एप्रिलअखेरीस सुरू होणाऱ्या जॅझ महोत्सवाच्या वेळी खोल्यांचे दर कडाडतात. न्यू ऑर्लिन्समध्ये पायी आणि ट्रामने फिरता येते. बाहेर मात्र गाडी हवीच.

मग जमीन का बुडते आहे?

१९२७ मध्ये मिसिसिपीला महापूर आला. न्यू ऑर्लिन्स वाचवण्यासाठी २९ एप्रिलपासून शहराच्या खालच्या अंगाचा बांध सुरुंगाने उडवला गेला आणि सेंट बर्नार्ड, प्लाकमिन्स या पॅरिशमधील शेतकरी, शिकारी आणि मच्छीमारांची घरे पाण्यात गेली. भरपाईची वचने बहुतांशी कागदावर राहिली. त्यानंतर केंद्र सरकारने नदीला दोन्ही बाजूंनी भक्कम बांध घातले. पूर थांबला, पण त्याबरोबर गाळही थांबला. जी माती काठांवर पसरून खचणाऱ्या जमिनीची भरपाई करायची, ती थेट खोल समुद्रात जाऊ लागली. नदीच्या वरच्या भागातील धरणांनीही गाळ अडवला.

दुसरे कारण तेल आणि वायू. विहिरींपर्यंत पोहोचण्यासाठी आणि नळ टाकण्यासाठी कंपन्यांनी पाणथळ जागेत हजारो किलोमीटर लांबीचे चर खणले. त्यांतून खारे पाणी आत शिरले, गवत आणि झाडे मेली, मुळांनी धरलेली माती सुटली. त्यात आता समुद्राची पातळी वाढते आहे.

हे पाणथळ पट्टे वादळाचा जोर कमी करतात. ते विरळ झाल्याची किंमत २९ ऑगस्ट २००५ रोजी कतरिना चक्रीवादळात दिसली. पाणी अडवणाऱ्या भिंती सदोष रचनेमुळे कोसळल्या आणि शहराचा ८० टक्के भाग बुडाला. हजाराहून अधिक माणसे मेली. उंच काठावरचे फ्रेंच क्वार्टर बहुतांशी कोरडे राहिले. लोअर नाइन्थ वॉर्डसारख्या कृष्णवर्णीयांच्या वस्त्या छपरापर्यंत बुडाल्या. २००० मध्ये शहरात ४ लाख ८४ हजार लोक होते, २०२० मध्ये ३ लाख ८३ हजार. जे परतले नाहीत, त्यांत वादक, आचारी आणि पोशाख शिवणारे हातही होते.

पुढे काय?

आइल द जाँ शार्ल या मूळ रहिवाशांच्या बेटाची १९५५ पासून ९८ टक्के जमीन गेली. २०१६ मध्ये केंद्र सरकारने पुनर्वसनासाठी ४ कोटी ८० लाख डॉलर मंजूर केले आणि २०२२ मध्ये कुटुंबे सुमारे ६५ किलोमीटर आत, नव्या वसाहतीत राहायला गेली. घरे पक्की मिळाली. पण दाराशी कोळंबी पकडणाऱ्या माणसाला आता कोळंबीसाठी तासभर गाडी हाकावी लागते.

नदीला पुन्हा जमीन बांधू द्यावी, हा एक उपाय. तो चालतो, याचा पुरावा आहे. अचाफलाया नदीचे पाणी काढून देण्यासाठी १९४० च्या दशकात खणलेल्या वॅक्स लेक या प्रवाहाच्या मुखाशी, कुणी ठरवले नसताना, १९७० च्या दशकापासून नवी जमीन तयार होते आहे. हेच जाणीवपूर्वक करण्यासाठी मिसिसिपीच्या बांधाला दार ठेवून बाराटारिया खोऱ्यात गाळ सोडण्याचा सुमारे तीन अब्ज डॉलरचा प्रकल्प आखला गेला. २०१० च्या डीपवॉटर होरायझन तेलगळतीच्या भरपाईतून पैसा आला आणि ऑगस्ट २०२३ मध्ये काम सुरू झाले. मच्छीमारांनी विरोध केला. गोडे पाणी आले की ऑयस्टर मरतील आणि कोळंबी दूर जाईल, हे त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. वाढता खर्च, खटले आणि मासेमारीचे नुकसान ही कारणे देत राज्याने जुलै २०२५ मध्ये प्रकल्प रद्द केला.

पेच खरा आहे. गाळ सोडला तर आज मासेमारीवर जगणारे कुटुंब अडचणीत येते; सोडला नाही तर त्या कुटुंबाच्या नातवंडांना होडी बांधायलाही काठ उरणार नाही. १९२७ मध्ये शहरासाठी ज्यांची घरे बुडवली, त्यांच्याच भागातील लोकांना पुन्हा त्याग करायला सांगितले जाते, म्हणून त्यांचा सरकारवर विश्वास नाही. नदी अजूनही दर वर्षी लक्षावधी टन माती घेऊन त्यांच्या दारावरून जाते आणि समुद्रात टाकते. ती माती कुठे पडावी आणि त्याची किंमत कुणी मोजावी, याचा निर्णय लुइझियानाला आज ना उद्या घ्यावाच लागेल.